पासंग

सहामाहीच्या राज्यशास्त्राच्या पेपरात
मीच घातला होता तो प्रश्न :
हुकूमशाही डावी की उजवी? सकारण लिहा. गुण चार.
एकशे सहा उत्तरपत्रिका घेऊन माहेरी आले, उदगीरला,
आणि तिसऱ्या दिवशीही लाल पेन कोरडंच.

एकाने लिहिलंय : नेहमी शेजाऱ्याची असते.
अर्धा गुण दिला. खोडला. दोन दिले.

मोंढ्यात खाजामियाँचं दुकान अजून आहे.
आता काट्यांना वीज लागते,
तरी भंगारात घालायच्या आधी
कुणी कुणी आणतं पितळी तराजू, एकदा खरं बघायला.
फळीवर शेर, अच्छेर, पावशेर,
निजामाच्या शिक्क्यासकट; त्यांना खेटून किलो.
"राज्य बदललं की आधी वजनं बदलतेत, बाई.
भूक जुन्याच मापात ऱ्हाती."

मी विचारलं. हसत हसत विचारलं.
त्यांनी रिकामा तराजू उचलला :
डावं पारडं किंचित खाली.
पारड्यांची अदलाबदल केली :
आता उजवं खाली.
"पासंग पारड्यात असला तर पारड्यासंगं फिरतो.
दांडीत असला तर जागा सोडत नाही.
आन् ह्ये…" त्यांनी करंगळी दाखवली,
दांडीवर अलगद टेकलेली,
"ह्येचं वजन कुठल्याच पारड्यात दिसत नाही."

अठ्ठेचाळीस साली ते सहा वर्षांचे.
आधी एक टोळी आली. वडिलांना म्हणाली, आमच्यात ये.
ते म्हणाले, मला लोकांचं धान्य तोलायचंय.
टोळीने तराजू मोडला.
भाद्रपदात दुसरी आली. म्हणाली, तू त्यांच्यातलाच ना?
वडिलांनी तेच उत्तर दिलं.
तिसऱ्यांदा द्यायला ते परत आले नाहीत.
एवढं सांगून खाजामियाँ पारडं पुसत बसले,
आधीच लखलखीत होतं ते.

आमच्या घरातही दोन पारडी.
दिगंबरमामा लाल झेंड्याचे, आत्याचे यजमान शाखेचे;
आणीबाणीत हर्सूलला एकाच बराकीत,
एकाच भाकरीचे दोन तुकडे.
सुटून आल्यावरही मामांनी भिंतीवरचा मिशीवाला काढला नाही,
त्याच्या छावण्यांचा विषय निघाला की चहा मागायचे.
यजमान दुसऱ्या एका, आखूड मिशीबद्दल म्हणायचे,
शिस्त तर होती ना.
तुरुंगातली रात्र दोघांनाही तोंडपाठ.
फक्त किल्ली कुणाच्या कमरेला असावी,
एवढ्यावर वाद.

मग लिहू काय मी आदर्श उत्तर?
इतिहास गुळमुळीत करायचा नाही मला.
काळे सदरे घालून निघालेल्यांनी
आधी कामगारांची कचेरी जाळली,
काडेपेटीचे पैसे मालकांनी दिले,
हे उजवीकडे घडलं. तिथंच लिहायचं.
कणगीतला शेवटचा दाणा मोजून नेणारे
डावीकडून आले. तेही तिथंच.
दोन्हीकडे आहे म्हणजे कुठंच नाही,
असं म्हणणारा व्यापारी मोंढ्यात पुष्कळ दिवस टिकतो.
मला पासंग हवाय, ज्या बाजूचा त्या बाजूला,
गुंजेपर्यंत.

रात्री लाईट गेली. मेणबत्तीवर शेवटची पत्रिका.
अक्षर टपोरं, समास आखलेला,
आणि प्रश्नाखाली एकच ओळ :
"मॅडम, तुमचं मत वर्गात कळलं नाही,
म्हणून हा प्रश्न सोडला आहे."

पेन हातात धरून बराच वेळ बसले.
मग पाहिलं,
करंगळी कागदावर टेकली होती.